वाक आणि ताण

स्वस्थ बसा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

पियानोची एक तार मनासमोर आणा. जेमतेम १ मिलिमीटर जाड. भरपूर कार्बन असलेलं पोलाद, न तापवता लहान-लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढलेलं. त्या ओढण्यातूनच तिला बळ आलं. पियानोत ती एकटी ७०-८० किलोंचा ताण पेलते, दिवसरात्र.

आता तिला ताटाच्या गोलाईइतकं वाकवा. सोडा. ती पुन्हा सरळ. तिच्या लेखी काही घडलंच नाही.

मग तीच तार पियानोतल्या तिच्या खुंटीभोवती गुंडाळा. खुंटी जेमतेम ७ मिलिमीटरची. वळणाची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. मधोमध एक थर असा, की ना ताणलेला ना दबलेला. त्या थरापाशी क्षणभर थांबा. बाहेरची बाजू शेकडा बाराच्या आसपास लांबली आहे. शेकडा एकच्या आसपासच लवचीकपणा संपतो. हा वाक आता कायमचा. तरीही तार शाबूत आहे.

वाक सरळ करावासा वाटेल. करून पाहा, मनातल्या मनात. जे ताणलं होतं ते आता दाबायचं. पुन्हा वाकवलं की पुन्हा ताणायचं. दर खेपेला धातूची वाकण्याची ताकद थोडी खर्च होते आणि पृष्ठभागावर बारीक भेग धरते. तार तुटते ती अशा ठिकाणी.

आता तारेचं टोक पाहा. खुंटीच्या भोकात ते काटकोनात मुडपलेलं असतं. सगळ्यांत कडक वाक हाच. पण त्याच्याआधी साधारण तीन वेढे असतात. घर्षणाने प्रत्येक वेढा ताण खात जातो आणि टोकापर्यंत नाममात्र उरतो. खरी जोखमीची जागा अलीकडे आहे: तार खुंटीला पहिल्यांदा टेकते तिथे. तिथे वाकही आहे आणि ताणही पुरा.

सावकाश स्वतःकडे वळा. मनातला एखादा जुना वाक आठवा. तो सरळ करण्याचा खटाटोप आज नको. एवढंच तपासा: रोजचा भार थेट त्याच जागेवर येतो, की मध्ये काही वेढे आहेत? एखादं माणूस, एखादी सवय, थोडी उसंत?

नसतील, तर पहिला वेढा कशाचा घालता येईल, ते ठरवूनच उठा.