तराफ्यामागचे हात

हिमालयातल्या एका तळ्यात सात डोंगर तरंगत असत. काठावर उभं राहून पुण्यवान माणसाने प्रार्थना केली, की डोंगर हळूहळू त्याच्याकडे सरकत येई. पापी माणूस कितीही ताटकळला तरी डोंगर जागचा हलत नसे. तळ्यात मगरी आहेत, उतरू नका, अशी पुजाऱ्यांची ताकीद होती. श्रीनिवास डोंगरे नावाचा तरुण तरीही उतरला, पोहत गेला, आणि पाहतो तर काय, मातीदगडांचा ढीग, त्यावर लावलेली झाडं आणि खाली तराफा. दक्षिणा पोचली की मागून तराफा ढकलला जाई. हा किस्सा त्याच्या बहिणीने, पंडिता रमाबाईंनी, १९०७ साली छापलेल्या आपल्या साक्षीत सांगितला आहे.

त्याच साक्षीत घरचा हिशेबही आहे. वडील अनंतशास्त्री गावोगावी पुराणं सांगत फिरत. शास्त्रात लिहिलेलं सगळं यथासांग केलं, तर देव धनधान्याला कमी पडू देणार नाही, या भरवशावर जवळचा पैसा अनुष्ठानांत आणि दानदक्षिणेत गेला. मग मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर या कुटुंबाने अकरा दिवस काढले. आधी वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. देवाशी केलेला सौदा फसला की काय होतं, हे रमाबाईंना पुस्तकात वाचावं लागलं नाही.

ही आठवण आज काढायची ती पुण्यातल्या रविवारांमुळे. कॅम्पातली, नाना पेठेतली, पंचहौदाची जुनी दगडी ख्रिस्ती देवळं आपापल्या घंटांनुसार चालू आहेतच. पण शहर जसं वाढलं, तशा नव्या मंडळ्याही वाढल्या. कुणी हॉटेलचा हॉल भाड्याने घेतं, कुणी शाळेचं सभागृह, कुणी औद्योगिक वसाहतीतली शेड. ड्रम, गिटार, पडद्यावर गाण्याचे शब्द. अर्पणाच्या वेळी थैली फिरते आणि पडद्यावर क्यूआर कोड झळकतो. सगळीकडे एकच शिकवण असते असं मुळीच नाही. पुष्कळ पाळक तुटपुंज्या पगारावर इमाने राबतात. पण काही ठिकाणी प्रवचनाचं गाडं फिरून फिरून पेरणी-कापणीवर येतं: देवाच्या कामात पेर, शंभरपट घे. मग साक्षी सुरू होतात. एकाला फ्लॅट मिळालेला असतो, दुसऱ्याला ऑनसाइट, तिसऱ्याचा व्हिसा झालेला असतो. ज्याचा व्हिसा नाकारला गेला, त्याच्या हाती माइक जात नाही.

या समृद्धीच्या सुवार्तेचं माहेर अमेरिकेतलं टल्सा. ओरल रॉबर्ट्स यांनी तिथूनच ‘बीज-विश्वासा’ची कल्पना घरोघर पोचवली. याच रॉबर्ट्सनी १९८७ साली जाहीर केलं होतं, की ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला वर बोलावून घेईल. रक्कम जमली. केनेथ हेगिन यांनी तिथे जवळच पाळक घडवणारी शाळा काढली, आणि पुढे टीव्हीवरून ही शिकवण आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, आपल्याकडे आली. हे सगळं पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या परंपरेच्या अंगणात वाढलं.

आणि त्या परंपरेचं एक मूळ पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे! जानेवारी १९०५ मध्ये केडगावच्या आपल्या मुक्तिसदन या आश्रमात रमाबाईंनी सुमारे ७० जणींचा प्रार्थनागट बांधला. जूनपर्यंत तो ५०० च्या वर गेला. जूनअखेर मुली रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या, रात्ररात्र मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध जागृती व्हायला तेव्हा अजून अवकाश होता. मुक्तीतल्या मिशनरी मिनी एब्रम्स यांनी याविषयी एक पुस्तिका लिहिली आणि आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला चिलीमध्ये पाठवली. तिथली पेंटेकॉस्टल चळवळ त्या पुस्तिकेतून पेटली.

या मुली कोण होत्या? १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातून, गुजरातेतून गोळा केलेल्या विधवा, अनाथ, टाकून दिलेल्या पोरी. आत्मा उतरल्यावर त्यांना बंगले मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी घाणा, माग, शेत आणि छापखाना होताच.

पुण्यातल्या त्या हॉलांत दशांशाचं प्रवचन बहुतेक बायबलमधल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायावर होतं: दहावा भाग भांडारात आणा, मग आकाशाची दारं उघडतात की नाही ते बघा. त्याच दशांशाविषयी बायबलच्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात एक कलम आहे, तिकडे मात्र कुणी फारसं फिरकत नाही. दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवायचा. तो लेव्यांनी, परक्यांनी, अनाथांनी आणि विधवांनी पोटभर खायचा. म्हणजे भांडार होतं ते धान्याचं, आणि त्यावर हक्क होता तो केडगावच्या मुलींसारख्यांचा.

तरीही या हॉलमध्ये बसलेल्यांना हसणं सोपं आणि अन्यायाचं आहे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग दलित जातींतून आलेला. १९५० च्या आदेशामुळे धर्मांतरानंतर अनुसूचित जातीच्या सवलतीही गेल्या. तुझी गरिबी देवाने तुझ्या कपाळी लिहिलेली नाही, हे वाक्य अशा माणसाने पहिल्यांदा ऐकलं तर त्याचा कणा ताठ होतो. ते वाक्य खरंही आहे. खोट पुढच्या वाक्यात आहे: मग अजून गरीब का? विश्वास कमी पडला म्हणून. तळ्याच्या काठावर न सरकणारा डोंगरही पाप्याला हेच सांगत होता.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. रमाबाईही प्रार्थना करून पैसा येण्याची वाट पाहत. इंग्लंडमध्ये अनाथालय चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांच्या चरित्राने त्या भारावल्या होत्या, आणि मदत वेळेवर आली की देवाने दिलं असंच म्हणत. वरून पाहता दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. फरक कळतो तो पैसा पुढे कुठे गेला हे पाहिल्यावर. केडगावला त्याच्या भाकऱ्या झाल्या.

समृद्धीवाद्यांवरची टीका घरातूनही झाली आहे. असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संस्थेने १९८० मध्येच, तोंडाने म्हटलं की मिळतं, या शिकवणीविरुद्ध निवेदन काढलं. २०१० च्या केपटाउनच्या लोझान परिषदेतूनही तिला ठाम नकार आला. त्या निवेदनांचा आवाज सेमिनारींत पोचतो, हॉलमधल्या स्पीकरपुढे तो टिकत नाही.

स्पीकरवरच्या हिशेबाने पाहिलं तर रमाबाई नापासच. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा पती गेले. ऐकू येणं कमी होत गेलं. जिच्या हाती मुक्तिसदन सोपवायचं, ती एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. त्या वेळी रमाबाईंच्या टेबलावर त्यांनीच केलेल्या बायबलच्या साध्या मराठी भाषांतराची मुद्रितं होती. ती त्या तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. पुस्तक केडगावच्याच छापखान्यात छापलं गेलं. खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्या बायकांचे होते.