मोजदाद

सेकंदकाटा असलेलं घड्याळ समोर ठेवा आणि तीन मिनिटं निवांत बसा. डोळे मिटायची गरज नाही. दर सव्वादोन सेकंदांनी मूठ घट्ट आवळायची आणि सोडायची, एवढंच. पहिलं मिनिट गंमत वाटेल. दुसऱ्या मिनिटाला मनगट जड व्हायला लागेल. तिसऱ्याला मन म्हणेल, पुरे आता.

7 जून 1997 रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये इके इबेआबुची नावाच्या चोवीस वर्षांच्या नायजेरियन बॉक्सरने या गतीने ठोसे मारले. फेरीमागे सरासरी 81, अशा बारा फेऱ्या, एकूण 975. समोर होता डेव्हिड तुआ, 27 लढती खेळून एकही न हरलेला. तोही मागे हटला नाही. दोघंही शंभर किलोंच्या वरचे, आणि दोघांचे मिळून ठोसे 1730. हेवीवेट लढतीत एवढे ठोसे त्याआधी मोजले गेले नव्हते. तिन्ही पंचांनी इकेला विजयी ठरवलं.

मूठ सोडा. श्वास आपोआप येईल-जाईल, त्याच्या मागे लागू नका. आता या माणसाला जरा जवळून बघू.

इसुओची हे त्याचं गाव. त्याला खरं तर सैन्यात जायचं होतं. 1990 साली टोकियोत बस्टर डग्लसने माइक टायसनला लोळवलेलं त्याने पाहिलं आणि बेत बदलला. 1993 मध्ये आईसोबत अमेरिकेत आला, डॅलसमध्ये कर्टिस कोक्सच्या हाताखाली शिकू लागला. कोक्स स्वतः वेल्टरवेटचा जगज्जेता, त्यामुळे शिष्याच्या अंगात काय आहे हे त्याला सांगावं लागलं नाही. स्वतःला 'द प्रेसिडेंट' म्हणवून घेणारा हा पोरगा एक दिवस जगज्जेता होणार, असं जाणकार बोलू लागले.

इथे थांबा. मनात काय उमटतंय? कौतुक असेल, थोडी हुरहूरही असेल. असू द्या, त्यात वावगं काही नाही. फक्त ते कौतुक नेमकं कशाचं आहे, हे लक्षात ठेवा.

तुआशी झालेल्या लढतीनंतर इकेचं डोकं दुखू लागलं. तपासण्या झाल्या, मेंदूचं चित्र काढलं, त्यात काही दिसलं नाही. त्याला भलभलते भास होतात, तो दुष्ट शक्तींबद्दल बोलतो, असं आजूबाजूचे सांगत. आपल्याकडे असता तर कुणीतरी 'बाहेरचं' म्हणून अंगारा लावला असता. तिथे त्याची पुढची लढत ठरवण्याची बोलणी चालू राहिली. दोन्हींत फार अंतर आहे असं मला वाटत नाही.

पुढचा प्रसंग सावकाश वाचा. तुआच्या लढतीला जेमतेम दोन महिने झाले होते. इकेने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीच्या पंधरा वर्षांच्या मुलाला गाडीत घातलं आणि टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या उत्तरेला, महामार्गावरच्या काँक्रीटच्या खांबावर गाडी नेऊन आदळली. इके स्वतःचा जीव द्यायला निघाला होता, असा निष्कर्ष पुढे निघाला. मुलाला इतकी इजा झाली की तो पुन्हा पूर्वीसारखा चालू शकणार नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं.

वाचून पुढे जाऊ नका. त्या मुलाशेजारी बसा. वेग वाढतो आहे, चालवणारा माणूस दुप्पट थोराड आहे, आणि दार उघडता येत नाही. पंधराव्या वर्षी आपण कुठे होतो, कोणाच्या गाडीत बिनघोर बसत होतो, तेही आठवा. त्याच्या भीतीचे किती सेकंद गेले असतील? रिंगमधला प्रत्येक ठोसा मोजणारी माणसं होती. हे सेकंद कोणी मोजले नाहीत.

शिक्षा झाली 120 दिवसांची, भरपाई पाच लाख डॉलरची. पुढच्या वर्षी इके रिंगमध्ये परतला. मार्च 1999 मध्ये टकोमात त्याने ख्रिस बर्डला पाचव्या फेरीत पाडलं. फेरी संपायला एक सेकंद उरला असताना पंचाने लढत थांबवली. बर्ड ऑलिंपिकचा रौप्यपदकविजेता, चकवा देण्यात पटाईत, तोवर अपराजित. इकेच्या खात्यावर 20 पैकी 20. चारच महिन्यांनी लास वेगासच्या एका हॉटेलात त्याने पैसे देऊन बोलावलेल्या एका बाईवर हल्ला केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. पोलिसांना दाराखालून मिरचीचा फवारा मारून त्याला बाहेर काढावं लागलं.

खटला उभा राहण्याइतकंही त्याचं मन ठिकाणावर नाही, असं आधी ठरलं. मनोरुग्णालय, बायपोलर विकाराचं निदान, जबरदस्तीने औषधं. मग त्याने अमेरिकी कायद्यातली एक वाट धरली: गुन्हा मला कबूल नाही, पण दोषी ठरवायला पुरावा पुरेसा आहे हे मान्य. शिक्षा एकूण पाच ते तीस वर्षं. उमेदीची सगळी वर्षं तुरुंगात गेली. त्याच्याकडून हरलेला बर्ड मात्र पुढे जगज्जेता झाला आणि तुआला जगज्जेतेपदासाठी लेनॉक्स लुईससमोर उभं राहायची संधी मिळाली.

आता दोन गोष्टी एकदम मनात धरून बघा. तो आजारी होता. आणि ज्यांनी सोसलं त्यांनी ते त्याच्याच हातून सोसलं. पहिली धरली की दुसरी निसटते. दुसरी धरली की माणूस नुसता राक्षस होतो आणि आपण सुटतो. घाई करू नका. दोन्ही सारख्याच खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी फिटत नाही. मला हे अजून नीट जमत नाही. बॉक्सिंगचे चाहते बहुतेक वेळा प्रयत्नही करत नाहीत. ते म्हणतात, 'केवढा मोठा झाला असता!' आणि उसासा टाकतात. तो उसासा न मिळालेल्या जगज्जेतेपदाच्या पट्ट्यासाठी असतो, न झालेल्या लढतींसाठी असतो. मघाशी तुम्हाला वाटलेलं कौतुकही बहुधा तिथलंच होतं.

ऑगस्ट 2025 मध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी, इके लागोसमध्ये पुन्हा रिंगमध्ये उतरला आणि जिंकला. 21 पैकी 21. हा आकडा कुठेही सापडेल आणि त्याच्यासोबत तो जुना उसासाही ऐकू येईल. तुम्हाला हळहळायचंच असेल तर आधी त्या मुलासाठी आणि त्या बाईसाठी हळहळा. इकेची पाळी त्यानंतर.