चाल कुणाची

सोलापुरात बाळीवेशीजवळच्या एका बोळात तिचं घर. वय सतरा. गळा असा, की सकाळी रियाजाला बसली की शेजारणीचा शेंगाचटणी कुटणारा हात थांबायचा. गणेशोत्सवातल्या स्पर्धा असोत की हुतात्मा स्मृतिमंदिरातल्या, ती रिकाम्या हातानं परत आली असं सहसा होत नसे. कपाटावर करंडक मावेनात, तेव्हा आईनं ते ज्वारीच्या डब्यांवर मांडले.

घरात आजोबा होते. लक्ष्मी-विष्णू गिरणीत मागावर उभं राहून त्यांची उमर गेली. गिरणी बंद पडली, तेव्हा हातात राहिली ती पेटी. पूर्व भागातल्या बायकांच्या एका भजनी मंडळात दर गुरुवारी ते साथीला जायचे. मंडळात निम्म्या बायका तेलुगू घरांतल्या. बोलताना तेलुगू, भजनाला बसल्या की मराठी. सोलापूरच्या त्या भागात याचं कुणाला नवल वाटत नाही.

एके दिवशी नातीनं एक चाल बांधली. कान्होपात्रेचा एक अभंग तिच्या वाचनात आला होता, फारसा कुणी न गाणारा. कान्होपात्रा मंगळवेढ्याची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. त्या ओळी तिच्या मनातून जाईनात. रात्री जागून तिनं त्यांना सूर लावले. आजवर तिनं दुसऱ्यांच्या चाली गायल्या होत्या; ही पहिली तिची स्वतःची.

सकाळी तिनं ती सगळ्यांना ऐकवली. आईला आवडली. मैत्रिणींनी मोबाइलवर टिपून घेतली. क्लासमधल्या एका ताई ऐकायच्या आधीच म्हणाल्या, "तू केलीस म्हणजे चांगलीच असणार."

ते वाक्य तिला खटकलं. संध्याकाळी ती आजोबांपुढं बसली. "आजोबा, चाल चांगली आहे की माझा आवाज चांगला आहे, हे कसं ओळखायचं?"

आजोबांनी पेटीचा भाता बंद केला. चांगली म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुला आनंदघनांची गोष्ट सांगतो."

"हे कोण?"

"सांगतो. पण ती सुरू होते आपल्याच गावात."

९ सप्टेंबर १९३८. मास्टर दीनानाथ मंगेशकर सोलापुरात होते. नूतन थिएटरात त्यांच्या गाण्याचा कार्यक्रम ठरला. थोरली मुलगी तेव्हा नऊ वर्षांचीही पुरती नव्हती. मीही गाणार, असा तिनं हट्ट धरला. काय गाणार, विचारल्यावर तिनं राग सांगितला, खंबावती. त्या रात्री ती खंबावती गायली, दोन मराठी पदं गायली, आणि मग वडील गायला बसले तेव्हा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून स्टेजवरच झोपून गेली. लता मंगेशकरांचं शास्त्रीय गाणं लोकांनी पहिल्यांदा ऐकलं ते इथं, सोलापुरात. या कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी बापलेकीचा एक फोटो काढला होता. २०२१ साली लताबाईंनी तो जगाला दाखवला आणि गायला लागून ८३ वर्षं झाली यावर विश्वास बसत नाही, असं म्हणाल्या.

"हे मला माहीत होतं," नात म्हणाली.

"पुढचं माहीत आहे का बघ."

साल १९६३. जानेवारीत दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाई गायल्या. देशात असं घर नव्हतं जिथं तो आवाज पोचला नव्हता. त्याच वर्षाचा भालजी पेंढारकरांचा चित्रपट 'मोहित्यांची मंजुळा'. भालजी म्हणजे मंगेशकरांच्या घरातले वडीलधारेच. चित्रपटाचं संगीत कुणी करायचं हे जमेना. हवे ते संगीतकार दुसऱ्या कामांत अडकलेले. लताबाई म्हणाल्या, मी करते.

भालजींना आनंद व्हायला हवा होता. त्यांना काळजी वाटली. चाली फसल्या तर इतक्या वर्षांच्या कष्टांनी मिळवलेलं नाव खराब होईल, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा टोपणनाव घ्यायचं ठरलं. भालजींनी सुचवलं, जटाशंकर. ते काही लताबाईंना रुचलं नाही. रामदासस्वामींच्या काव्यातला एक शब्द त्यांच्या मनात होता, आनंदघन. तो त्यांनी उचलला.

मला या प्रसंगात थांबावंसं वाटतं. टोपणनाव बहुतेक वेळा घेतं कोण? ज्याला नाव नसतं तो, किंवा ज्याला नाव लपवायचं असतं तो. इथं ज्या नावानं चित्रपट चालायचे ते नाव बाईंनी दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवलं. त्याआधी एकदा, १९५० साली, 'राम राम पाव्हणं' या चित्रपटाला त्यांनी स्वतःच्या नावानं संगीत दिलं होतं. म्हणजे नावानिशी काम करणं त्यांना ठाऊक होतं. तेरा वर्षांनी, नाव कितीतरी मोठं झाल्यावर, त्यांनी ते बाजूला ठेवलं. भीती होती असं कुणी म्हणेल. असेलही. पण या भीतीनं एक फार चांगलं काम केलं. आनंदघन या माणसाची चाल कशी आहे, एवढंच ऐकणाऱ्यासमोर राहिलं.

मग 'मराठा तितुका मेळवावा', मग १९६५ चा 'साधी माणसं', मग १९६९ ची 'तांबडी माती', जिच्यातून दादा कोंडके पहिल्यांदा पडद्यावर आले. सगळे भालजींचे. गाणारा आवाज बहुधा लताबाईंचाच, चाल आनंदघनांची.

"'साधी माणसं'मधलं लोहाराचं गाणं आठव," आजोबा म्हणाले, "ऐरणीच्या देवाचं. या बाईच्या गळ्याला काय अशक्य होतं? चार सप्तकं फिरवून आणली असती. पण गाणं कुणाचं? लोहाराच्या बायकोचं. भाता ओढता ओढता जेवढा दम उरतो तेवढ्यातच ते बसवलंय. ऐकणाऱ्याला वाटतं, हे आपणही म्हणू शकू. म्हणून तर बायका म्हणत बसतात. आणि त्याच चित्रपटात आपल्या कान्होपात्रेचा अभंग आहे. तीही चाल आनंदघनांची."

नात गप्प झाली.

'साधी माणसं'ला राज्य शासनाचे पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट संगीताचा पुरस्कार जाहीर झाला, आनंदघन. कुणी उठेना. लताबाई तिथंच बसलेल्या, तशाच बसून राहिल्या. शेवटी व्यासपीठावरून सांगितलं गेलं, की हे आनंदघन म्हणजे दुसरं तिसरं कुणी नसून या इथं बसलेल्या लता मंगेशकर आहेत, आणि त्यांनी येऊन पुरस्कार घ्यावा. तेव्हा त्यांना उठावं लागलं.

गाणाऱ्यानं चाली बांधाव्यात यात नवं काही नाही. आपल्याकडे सुधीर फडके गायले आणि चालीही दिल्या. दक्षिणेत तर हा मळलेला रस्ता. तेलुगूत घंटसाला गायचेही आणि संगीतही द्यायचे. १९५१ च्या 'पाताळ भैरवी'चं संगीत त्यांचंच. तमिळमध्ये ए. एम. राजांनी पार्श्वगायनात नाव कमावल्यावर १९५९ च्या 'कल्याण परिसु'ला संगीत दिलं. सोलापुरात मागाच्या खडखडाटावर मात करून रेडिओ लावणाऱ्या तेलुगू पद्मशाली घरांतल्या म्हाताऱ्यांना विचारा, घंटसालांचं नाव काढताच त्यांचा चेहरा बदलतो. पण गाणारा चाल बांधायला बसला की एक खोड हमखास आड येते. तो आपल्याच गळ्याच्या मापाचा सदरा शिवतो.

"गुरुवारी माझ्याबरोबर चल," आजोबा म्हणाले. "तुझी चाल मंडळात देतो. कुणाची ते सांगायचं नाही. तू मागं टाळ घेऊन बस. आणि तोंड उघडायचं नाही."

गुरुवारी ती गेली. खोली पत्र्याची, सतरंजीवर पंधरा-सोळा बायका. बहुतेक विड्या वळणाऱ्या. दिवसभर सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू घेऊन बसायचं, संध्याकाळी विड्यांच्या जुड्या कारखान्यात मोजून द्यायच्या, आणि मग हात धुऊन भजनाला यायचं. हात धुतले तरी तंबाखूचा वास राहतो. त्यांतली एक म्हातारी पुढं बसलेली. मंडळ तिच्या तोंडाकडं बघून उचलायचं. तिची बोटं भजनातही विडी वळल्यासारखी गुडघ्यावर फिरत असायची, पण ताल कधी चुकला नाही.

"नवी चाल आलीय," आजोबा म्हणाले आणि काळी चारमध्ये वाजवून दाखवली. म्हातारीनं त्यांच्या हाताकडं नुसतं बघितलं. ते खाली उतरले. पहिला चरण बायकांनी तिसऱ्या खेपेला धरला. दुसऱ्या चरणाला सगळं विस्कटलं. तिथं चाल पंचमावरून एकदम तार गंधारावर उडी घ्यायची आणि चार मात्रा तिथंच उभी राहायची. निम्म्या बायका गप्प झाल्या, निम्म्यांचा आवाज फाटला.

"कुणाची हो ही चाल?" म्हातारीनं विचारलं.

"आलीय कुठून तरी."

"लई वर जातीया. देवाला बोलवायचंय का पत्र्यावर चढायचंय?" बायका हसल्या. म्हातारी हसली नाही. "तसं नव्हे. ती बिचारी काकुळतीला आलीया. काकुळतीला आलेलं माणूस एवढ्या मोठ्यानं वरडतंय का? आवाज आत जातो की."

नातीच्या हातातला टाळ थांबला. अंगावर काटा आला आणि रागही आला. 'मी बांधलीय ती, आणि मी गाऊन दाखवते,' असं अगदी ओठांवर आलं. तिनं उठून तो गंधार लावला असता तर खोली थक्क झाली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आजोबा पेटीवरून बघत होते. ती खाली बसूनच राहिली.

त्या रात्री बोळात शिरेपर्यंत ती काही बोलली नाही. घराच्या पायरीवर म्हणाली, "ती उडी मी का घेतली माहीत आहे, आजोबा? तिथं माझा आवाज छान लागतो म्हणून."

पुढचे तीन गुरुवार ती नुसती टाळ वाजवायला गेली. कोण कुठं श्वास घेतं, ते बघत बसली. दिवसभर वाकून बसलेल्या छातीत दम केवढा राहतो, चरणाच्या शेवटचं अक्षर कोण गिळतं, कुठल्या सुरावर सगळ्या बायकांचे आवाज आपोआप एकत्र येतात. घरी येऊन चाल मोडायची, बांधायची. गंधार गेला. उडी गेली. तिच्या जागी एक ठहराव आला, अर्ध्या मात्रेचा, आणि मग सूर वर जाण्याऐवजी मध्यमावरून हळूच खाली षड्जाकडं यायचा. तिला स्वतःला ती चाल आधी फार साधी वाटली. स्पर्धेत या चालीला कुणी बक्षीस देणार नाही, असंही वाटलं.

चौथ्या गुरुवारी आजोबांनी ती वाजवली. बायकांनी दुसऱ्याच खेपेला उचलली. ठहराव आला तेव्हा म्हातारीची गुडघ्यावरची बोटं थांबली आणि षड्जाला पुन्हा चालू झाली. भजन संपल्यावर ती काही बोलली नाही. पदर सावरून पुढचा अभंग सांगितला.

आठवड्याभरानं नात कॉलेजातून पूर्व भागातून चालत येत होती. एका उंबऱ्यात तीच म्हातारी सूप मांडीवर घेऊन बसलेली. कात्रीनं पानं कापत होती आणि एकटीच गुणगुणत होती. तिला आजूबाजूचं भान नव्हतं. ठहरावाच्या जागी कात्री थांबायची.

नात रस्त्याच्या पलीकडं उभी राहून पूर्ण अभंग ऐकून गेली.

"आता सांगू का त्यांना?" घरी आल्यावर आजोबांनी विचारलं.

"नको. शेवटच्या चरणात अजून एक जागा टोचतेय मला."

ती आता गातेही आणि बांधतेही. स्पर्धेला जाते, बक्षिसं आणते. गुरुवारी मात्र मागच्या रांगेत टाळ घेऊन बसते. मंडळाची एक जाडजूड वही आहे, लाल कापडात बांधलेली. तिच्यात प्रत्येक अभंगापुढं संताचं नाव आणि चाल कुणाची ते लिहितात. कुठं एखाद्या चित्रपटाचं नाव, कुठं एखाद्या बुवांचं. कान्होपात्रेच्या या अभंगापुढं म्हातारीनं सांगून एका सुनेकडून लिहून घेतलं आहे: चाल, पारंपरिक.