ठुशीच्या खाली

बसा. पाठ टेकली तरी चालेल. भाऊसिंगजी रोडवरच्या सीपीआर रुग्णालयात नंबर लागायची वाट बघत असाल, तर त्या बाकावरही हे करता येईल.

एक हात गळ्याकडं न्या. कोल्हापूरच्या बाईला ही जागा दाखवावी लागत नाही. ठुशी बसते तीच. कंठमण्याच्या जरा खाली बोटं हलकी टेकवा आणि आवंढा गिळा. बोटांखालून काहीतरी वर सरकतं, पुन्हा खाली येतं. तो बहुतेक कंठमणीच. त्याखालची निरोगी थायरॉईड ग्रंथी पंधरा-वीस ग्रॅमची, मऊ, सहसा हाताला लागत नाही. पण श्वासनलिकेला धरून असल्यामुळं प्रत्येक घोटाबरोबर तीही हलते. डॉक्टर पाण्याचा घोट घ्यायला लावतात ते यासाठी: गळ्यातली गाठ घोटाबरोबर वर गेली, तर ती बहुधा थायरॉईडची.

आता ‘गाठ’ म्हटल्याबरोबर मन कुठं पळालं, ते बघा. थेट कर्करोगाकडं. त्याला ओढून आणू नका, जरा वेळ तिथंच बसू द्या.

थायरॉईडच्या शंभर गाठींपैकी नव्वदहून जास्त निरुपद्रवी असतात. डॉक्टर आधी रक्तातला टीएसएच बघतात. तो कमी असेल, तर गाठ स्वतःच हार्मोन बनवत असू शकते, आणि अशी गाठ कर्करोगाची क्वचितच निघते. मग सोनोग्राफी. गाठ भरीव आहे की पाण्याची? कडा वेड्यावाकड्या आहेत का? आत चुन्याचे बारीक कण दिसतात का? आडवी पसरली आहे की उभी वाढली आहे? शंका वाटली तरच बारीक सुई घालून पेशी काढायच्या. त्या तपासणीचा अहवाल ‘बेथेस्डा’ पद्धतीत सहा वर्गांत येतो. दुसरा वर्ग म्हणजे साधी गाठ. पुढं नुसतं लक्ष ठेवायचं. पेशंटला नेमकं हेच जड जातं. काहीच करायचं नाही, हा उपचार वाटत नाही.

दक्षिण कोरियात धडधाकट माणसांच्या गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. 2011 साली तिथं थायरॉईड कर्करोगाची निदानं 1993 च्या पंधरापट झाली होती. मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथंच राहिलं. त्यामुळं ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात गळ्याची सोनोग्राफी घुसडणाऱ्यांचं मला कौतुक नाही. हाताला लागलेली गाठ दाखवावी, जरूर दाखवावी. न लागलेली शोधत हिंडू नये.

श्वास सोडा. हात तिथंच असू दे, लक्ष फक्त थोडं मागं न्या. थायरॉईडच्या पाठीमागं तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी आहेत, पॅराथायरॉईड. शरीरातलं नव्व्याण्णव टक्के कॅल्शियम हाडांत असतं आणि रक्तात कमी पडलं की ते हाडांतून काढायचा हुकूम या चार दाण्यांकडून सुटतो. त्यांतला एखादा बिघडला, तर हाडं झिजत राहतात. थायरॉईडचा हार्मोन जास्त झाला, मग तो ग्रंथीनं केलेला असो वा गोळीतून आलेला, तरी तेच.

म्हणून लक्ष आता पाठीवर. मणक्यावरून एकेक हाड मोजत सावकाश खाली उतरा.

इथं भीती वाटत नाही, कारण हाताला काही लागत नाही. पाळी गेल्यावर हाडं भराभर विरळ होत जातात आणि ती दुखत नाहीत. मणका दबतो, तोही पुष्कळदा मुकाट्यानं. परकर लांब वाटायला लागतो, खांदे पुढं येतात, आणि घरातले म्हणतात, ‘वय झालं.’ वयानं होतं म्हणून ते सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. ज्या गाठीनं झोप उडवली ती बहुतेक साधी निघणार, आणि जिची दखल कुणी घेतली नाही ती झीज एक दिवस न्हाणीघरात पाय घसरल्यावर खुबा मोडून जाणार.

निदान अवघड नाही. डेक्सा तपासणीत तुमच्या हाडाची घनता तरुण निरोगी हाडाशी ताडून बघतात. टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याहून खाली असला की ऑस्टिओपोरोसिस. ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं 1994 मध्ये ओढली. पण आकडाही फसवतो. दबलेला किंवा झिजून वाढलेला मणका यंत्राला घट्ट दिसतो. आणि उभ्यानं पडून मनगट, मणका किंवा खुबा मोडला असेल, तर स्कोअर बरा आला तरी हाड ठिसूळ झाल्याचा संशय सोडायचा नाही.

(पांढऱ्या रश्श्यावर विसंबून असाल, तर सांगून ठेवतो: हाडं कितीही उकळा, अळणी रसात कॅल्शियम नावापुरतंच उतरतं. नाचणी, तीळ, दूध खा.)

आता उठा, घाई न करता. भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा भिंतीला भिडवून. नजर समोर, हनुवटी वर न उचलता. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का? टेकत नसेल, किंवा तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरनं घटली असेल, तर गळ्याची फाइल दाखवाल तेव्हा डॉक्टरांना हेही सांगा आणि पाठीचा एक्स-रे काढायचा का, ते विचारा.