पित्ताशय गेल्यानंतरची वेदना आणि कारणाचा प्रश्न

शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी उजव्या बरगडीखाली कळ उठली, तर ‘पित्ताशय काढले म्हणूनच हे झाले’ असे सहज म्हटले जाते. परंतु न्यायदर्शनाच्या मते कारण केवळ आधी घडलेले असून भागत नाही, ते कार्यापूर्वी नियमाने असावे लागते आणि ‘अनन्यथासिद्ध’, म्हणजे ज्याला वगळून कार्याची उपपत्ती लागत नाही असेही असावे लागते. १८८२ मध्ये बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम केली, तेव्हापासून वैद्यकालाही हा विवेक करावा लागत आहे.

शस्त्रक्रियेत पित्तनलिकेला झालेली इजा भरून येताना नलिका आकसते आणि हे आकसणे कधी कित्येक वर्षांनंतर कावीळ व थंडीतापाच्या रूपाने प्रकट होते. काळाचे अंतर मोठे असले, तरी येथे ‘व्यापार’, म्हणजे कारण व कार्य यांना जोडणारी मधली क्रिया, अखंड असते. उलट, कळ मुळात जठरव्रणाची असेल, तर शस्त्रक्रिया निर्दोष ठरते. मात्र वेदना तितकीच खरी राहते, आणि एका कारणाचा निरास करून रुग्णाला परत पाठवणे हे विचार अर्ध्यावर सोडणे होय. नलिकेतील खड्याचा निर्णय सर्वांत कठीण, कारण तो शस्त्रक्रियेच्या वेळीच राहून गेलेला किंवा पुढे नव्याने झालेला असू शकतो. दोन वर्षांच्या आत आढळलेला खडा राहून गेलेला मानण्याची प्रथा आहे, तर उशिरा सापडलेला मऊ, तपकिरी खडा बहुधा नलिकेतच तयार झालेला असतो.