गुंगी, वेदना आणि नामस्मरण

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या वारकरी कुटुंबाच्या मनात एक शंका येते. अंतकाळी मुखी नाम यावे ही जन्मभराची आस. आणि डॉक्टर तर माणसाला गुंगीत ठेवतात. मग ते औषध नाकारावे काय?

आधी वस्तुस्थिती पाहू. श्वासनलिकेत नळी असलेल्या रुग्णाला बोलता येत नाही. दुखते हेही सांगता येत नाही. म्हणून परिचारिका कपाळावरच्या आठ्या, हातांची ओढ, व्हेंटिलेटरशी होणारी झटापट पाहून वेदना ओळखतात. वेदनेचे औषध निराळे, गुंगीचे निराळे. मॉर्फिन, फेंटानिल वेदना शमवतात. प्रोपोफॉल, मिडॅझोलाम झोप आणतात, वेदना हरत नाहीत. तेव्हा निपचित पडलेला जीव सुखात असेलच असे नाही.

वैद्यकशास्त्रही याबाबत बदलले. शिकागोच्या डॉक्टरांनी २००० साली १२८ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची गुंगी रोज थांबवून त्यांना जागे केले, ते इतरांपेक्षा सुमारे दोन दिवस आधी व्हेंटिलेटरवरून सुटले. आता आधी वेदना शमवावी, मग लागेल तेवढीच हलकी गुंगी द्यावी, असा दंडक आहे. फुप्फुसे फारच बिघडली असतील तर मात्र गाढ गुंगी लागते.

आता धर्म पाहू. एक नातलग म्हणतो, "औषध नको, नाम घेऊ द्या." दुसरा म्हणतो, "झोपवूनच ठेवा, बघवत नाही." पहिला आपला नेम दुसऱ्याच्या वेदनेवर चालवतो, दुसरा आपल्या दुःखाचे औषध रुग्णाच्या शरीरात घालतो. दोघांचेही प्रेम खरे आहे, पण अंथरुणावरच्याला काय हवे हे कोणीच विचारले नाही.

गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाचा महिमा सांगून देव लगेच सर्वकाळ स्मरण करायला सांगतात. जन्मभर जपलेले नाम एका सुईने पुसले जाईल, एवढा देव कृपण नाही. आणि भूतदया सोडून केलेले स्मरण त्याला कसे रुचेल?

म्हणून डॉक्टरांना नम्रपणे दोनच प्रश्न विचारा: दुखणे शमले आहे ना? आणि एवढी गुंगी आजही लागते का? आपली स्वतःची इच्छा धडधाकट असतानाच घरच्यांना सांगून ठेवा. भेटीला मिळतील ती पाच मिनिटे रुग्णाचा हात धरा आणि त्याच्या वाटचे नाम तुम्ही घ्या.

रामकृष्णहरी.