कमिटआधीचा निरोप

मावशी डेटाबेस सांभाळते, भाची ॲप्लिकेशन लिहिते. एका दूध संघाच्या नव्या सिस्टिमवरून दोघींचं झालेलं हे बोलणं.

भाची : केंद्रावर दूध मोजलं, लिटर, फॅट, एसएनएफ टेबलात गेलं की लगेच शेतकऱ्याला एसएमएस जायला हवा. पोस्टग्रेसमध्ये ट्रिगर लावते आणि त्यातूनच पायथनची स्क्रिप्ट चालवते. नोंद झाली की निरोप गेलाच.

मावशी : नोंद झाली असं तू कधी म्हणणार?

भाची : इन्सर्ट झाला की.

मावशी : मी कमिट झाल्यावर म्हणेन. पुढच्या ओळीला दर सापडला नाही आणि रोलबॅक झाला, तर टेबलातली ओळ जाईल, पण शेतकऱ्याच्या मोबाइलवरचा आकडा तसाच राहील. याद्या व्हायच्या आधीच पत्रिका वाटायच्या का?

भाची : मग डिफर्ड कन्स्ट्रेंट ट्रिगर लावते. तो ट्रान्झॅक्शनच्या शेवटी चालतो.

मावशी : शेवटी, पण कमिटच्या आधीच. त्याच्या मागून दुसऱ्या ट्रिगरने एरर दिली की पुन्हा तेच. शिवाय एसएमएस गेटवे अडकला तर तुझं ट्रान्झॅक्शन उघडंच राहणार आणि कॅन घेऊन आलेली माणसं रांगेत ताटकळणार. बरं, ती स्क्रिप्ट चालणार कुणाच्या अधिकारात? त्यासाठी लागणारी पीएल-पायथन पोस्टग्रेसच्या लेखी अविश्वासू भाषा आहे. तिच्यात फंक्शन फक्त सुपरयूजर बनवू शकतो, कारण ते डेटाबेस सर्व्हरच्याच हक्कांनी चालतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर बाहेरच्या कमांड चालवण्याची सोय २००५च्या आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवलेली असते.

भाची : ठीक आहे, ट्रिगर नकोच. कमिट झाल्यावर ॲपच एसएमएस पाठवेल.

मावशी : कमिट झालं आणि एसएमएस जायच्या आत ॲप पडलं तर? आणि टेबलात लिहिणारं तुझं ॲप एकटंच आहे का? एखाद्या केंद्राची फाइल रात्री लोड होते, एखादी चुकलेली नोंद कुणी थेट एसक्यूएल लिहून दुरुस्त करतं. त्या शेतकऱ्यांना निरोप कोण देणार?

भाचीची अडचण खरी आहे. ट्रिगरच्या नजरेतून सहसा काही सुटत नाही, पण तो बोलतो फार लवकर. ॲप योग्य वेळी बोलेल, पण त्याला सगळं दिसत नाही.

मावशी : डेटाबेस-संशोधक जिम ग्रे यांनी १९८१मध्येच क्रियांची वर्गवारी केली होती. काही क्रिया मागे घेता येतात, काही एकदा केल्या की केल्या. एटीएममधून बाहेर आलेली नोट परत आत ओढता येत नाही. अशा क्रिया कमिट होईपर्यंत थांबवून ठेवायच्या. म्हणून ट्रिगरने एसएमएस पाठवू नये. 'हा एसएमएस पाठवायचा आहे' एवढी एक ओळ आउटबॉक्सच्या टेबलात लिहावी. रोलबॅक झाला तर तीही जाईल. कमिट झालं तर वेगळा वर्कर ती उचलेल.

भाची : त्याला पोस्टग्रेसच्या नोटिफाय कमांडने जागं करता येईल. तोही कमिटनंतरच पोचतो.

मावशी : जागं कर, पण भिस्त टेबलावरच ठेव. ऐकणारा त्या क्षणी जोडलेला नसेल तर नोटिफाय वाया जातो.

भाची : पण प्रश्न मिटला कुठे? वर्करने एसएमएस पाठवला आणि 'पाठवला' अशी खूण करण्याआधीच तो पडला, तर निरोप दोनदा जाईल.

मावशी : जाईल. दोन चुकांमधली एक निवडायचीच आहे. खऱ्या नोंदीचा निरोप दोनदा आला तर माणूस जरा वैतागेल. नोंदीचा क्रमांक दिलास तर त्याला उलगडाही होईल. न झालेल्या नोंदीचा एकच निरोप गेला आणि दहा दिवसांनी बिलात ते दूध दिसलं नाही, तर संघाने आपल्याला लुबाडलं असंच तो समजेल, आणि त्यात त्याची काय चूक?

भाची : तरी ट्रिगर माझ्या डोळ्यांआड चालतो. मी कोड वाचते त्यात तो कुठेच नसतो. मग फॅटप्रमाणे दर ठरवण्याचे नियमही उद्या कुणी त्यातच घालेल.

मावशी : हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. दराचे नियम बदलतात, त्यांवर वाद होतात, त्यांची टेस्ट लागते. ते ॲपमध्येच शोभतात. लिहिणारा कुणीही असो, जे घडलंच पाहिजे तेवढंच ट्रिगरमध्ये.

या निवाड्याशी मी सहमत आहे, फक्त एक अट घालेन : ट्रिगरही मायग्रेशनच्या फायलींमध्ये, बाकीच्या कोडशेजारी ठेवलेला असावा, म्हणजे नव्याने आलेल्या माणसाला तो दिसेल. आपल्या डेटाबेसमधल्या ट्रिगरांची यादी या आठवड्यात एकदा काढून वाचा. त्यातला एखादा ईमेल पाठवत असेल, एसएमएस पाठवत असेल किंवा स्क्रिप्ट चालवत असेल, तर ते काम आधी आउटबॉक्सकडे वळवा.